खुब्याला हाडाची भर

खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की घरात चौकशी सुरू होते ती सांध्याची. कुठल्या कंपनीचा घ्यायचा, सिमेंटचा की बिनसिमेंटचा, त्यातला बॉल धातूचा की सिरॅमिकचा, किती वर्षे टिकेल, केवढ्याला पडेल. ज्या हाडात तो बसवायचा, त्या हाडाची विचारपूस मात्र क्वचितच होते. वास्तविक कृत्रिम सांध्याचे भवितव्य बऱ्याच अंशी हे हाडच ठरवते. हाड भक्कम असेल तर साधा सांधाही वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चालतो. हाडच उरले नसेल तर उत्तमातल्या उत्तम सांध्यालाही पकड मिळत नाही. मग हाड कमी पडले तर ते आणायचे कुठून? या प्रश्नाला अस्थिशल्यविशारदांनी दिलेले उत्तर म्हणजे हाडाचे रोपण, त्यांच्या रोजच्या बोलीत ‘बोन ग्राफ्टिंग’. रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी हे उत्तर नीट समजून घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

हाड कमी कसे पडते?

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा त्या वाटीत फिरतो. हा गोळा साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर व्यासाचा असतो. सपाट रस्त्यावर साधे चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीड क्विंटल. ठेच लागून तोल सावरताना हाच भार क्षणभर वजनाच्या सात-आठ पटींवर जाऊ शकतो. चालता-फिरता माणूस एकेका पायाने वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावले टाकतो, हे लक्षात घेतले की त्या वाटीचे हाड काय सोसते याची कल्पना येते.

सांधा बदलताना खराब झालेला गोळा कापून काढतात, वाटी आतून गोलाकार खरवडून तिच्यात कप बसवतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा म्हणजे स्टेम घालतात आणि त्यावर नवा बॉल चढवतात. वाटीच्या भिंती शाबूत असल्या तर कपाला चारही बाजूंनी आधार मिळतो. काही रुग्णांत पहिल्याच शस्त्रक्रियेच्या वेळी या भिंती अपुऱ्या असतात. काहींची वाटी जन्मापासूनच उथळ असते आणि गोळ्यावर हाडाचे छत पुरेसे नसते. संधिवाताच्या काही जुन्या रुग्णांत वाटीचा तळ इतका पातळ होतो की गोळा हळूहळू ओटीपोटाच्या दिशेने आत सरकत जातो.

मोठा तुटवडा मात्र दिसतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी, म्हणजे ‘रिव्हिजन’च्या वेळी. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधुनिक खुबारोपणाचा पाया घातला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉनचे कप वापरले. टेफ्लॉन निसरडे होते, पण झपाट्याने झिजत होते, आणि त्याच्या चुऱ्याने सांध्याभोवती गाठी होऊन हाड खराब होत होते. टेफ्लॉनचा चुरा शरीरात काय करतो हे पडताळण्यासाठी चार्नली यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. त्यांनी टेफ्लॉन सोडले आणि नोव्हेंबर १९६२ पासून दाट पॉलिएथिलीनचे कप वापरायला सुरुवात केली. धातूचा छोटा बॉल, पॉलिएथिलीनचा कप आणि दोन्ही भाग पक्के बसवणारे अॅक्रिलिक सिमेंट, ही रचना जगभर पसरली.

पॉलिएथिलीनही झिजतेच, फक्त फार हळू. त्याचे कण मायक्रॉनहूनही बारीक असू शकतात. शरीरातल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, पण प्लॅस्टिक त्यांना पचत नाही. चिडलेल्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या, हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचे हाड पोखरू लागतात. बोस्टनचे विल्यम हॅरिस यांनी सिमेंटच्या सांध्यांभोवतीचे असे पोखरलेपण १९७६ मध्ये नोंदवले. सुरुवातीला दोष सिमेंटवर गेला. पण बिनसिमेंटच्या सांध्यांभोवतीही तेच दिसू लागल्यावर खरा कारक झिजेचा चुरा असल्याचे स्पष्ट झाले. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून किरणांनी घट्ट केलेले, ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिएथिलीन वापरात आले आणि ही झीज पुष्कळ घटली. तरी आधी बसवलेले लाखो सांधे जुन्या पॉलिएथिलीनचेच होते.

या पोखरण्याचा सगळ्यात घातक गुण म्हणजे ते दुखत नाही. कप हलू लागेपर्यंत रुग्ण खुशाल चालत-फिरत असतो. दुखायला लागून तो येतो तेव्हा एक्स-रेमध्ये कपामागे मोठी पोकळी दिसते, कधी वाटीचा काठच नाहीसा झालेला असतो. त्यात ढिला कप आणि जुने सिमेंट काढताना आणखी थोडे हाड जाते. प्रत्येक रिव्हिजन पुढच्या रिव्हिजनसाठी कमी हाड शिल्लक ठेवते, हे या शस्त्रक्रियेतले कटू गणित आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हे गणित तरुणांमुळे अधिक गंभीर होते. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचण्याचा आजार, ज्याला डॉक्टर ‘एव्हीएन’ म्हणतात, स्टिरॉइडचे मोठे डोस किंवा दारू यांमुळे ऐन तिशी-चाळिशीत गाठतो. नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि सिकलसेलमध्येही गोळा असाच निकामी होऊ शकतो. पस्तिशीत सांधा बदललेल्या माणसापुढे अजून चाळीस वर्षे असतात. त्याला आयुष्यात दुसरी, कदाचित तिसरी शस्त्रक्रिया लागेल हे गृहीत धरूनच त्याचे हाड जपावे लागते.

रोपलेल्या हाडाचे काय होते?

हाड म्हणजे नुसता चुन्याचा खांब नाही. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि जुने हाड मोडून नवे रचण्याचे काम आयुष्यभर चालू असते. भार पडतो तिथे हाड दाट होते आणि भार हरपतो तिथे विरळ होते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. रोपणाची सगळी भिस्त हाडाच्या या स्वभावावर आहे.

रोपायचे हाड रुग्णाचे स्वतःचे असेल तर उत्तम. त्यात जिवंत पेशी असतात, हाड घडवायला चेतवणारी प्रथिने असतात आणि नव्या हाडाला पसरायला आयती जाळी असते. चेतवणाऱ्या प्रथिनांचा माग अमेरिकेतले मार्शल युरिस्ट यांनी काढला. क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तिथेही नवे हाड तयार होते, हे त्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. पहिल्याच खुबारोपणात हाड कमी पडले तर रुग्णाचे हाड हाताशीच असते. जो गोळा कापून काढायचा, त्याचाच तुकडा वाटीच्या उथळ छताला स्क्रूने जोडतात किंवा त्याचे बारीक तुकडे वाटीच्या पातळ तळाशी भरतात.

रिव्हिजनमध्ये ही सोय नसते, कारण गोळा कित्येक वर्षांपूर्वीच काढून टाकलेला असतो. कमरेच्या हाडाच्या कडेतून थोडे हाड घेता येते, पण मोठ्या पोकळीला ते पुरत नाही, शिवाय घेतलेल्या जागी दुखत राहते. तेव्हा दुसऱ्या माणसाचे हाड लागते. उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवलेल्या अशा हाडातल्या पेशी मेलेल्या असतात. त्यामुळे मूत्रपिंडाच्या रोपणानंतर घ्याव्या लागतात तशा, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या इथे आयुष्यभर घ्याव्या लागत नाहीत. उरते ती हाडाची जाळी. रुग्णाच्या शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात, मृत हाड थोडे थोडे विरघळवतात आणि त्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड रचत जातात. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. रोपलेले हाड कायम राहण्यासाठी नसतेच. रुग्णाचे हाड येईपर्यंत जागा आणि भार सांभाळणे, हे त्याचे काम.

एका माणसाचे हाड दुसऱ्याला चालते, हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विल्यम मॅक्‌एवन यांनी १८८०च्या सुमारास सिद्ध केले. हाडातल्या जंतुसंसर्गाने एका लहान मुलाच्या दंडाचे हाड गेले होते. त्याच सुमारास मॅक्‌एवन मुडदुसाने वाकलेल्या पायांच्या मुलांवर शस्त्रक्रिया करत होते आणि त्यांच्या नडगीतून पाचरीसारखे तुकडे कापून काढत होते. एरवी वाया जाणारे ते तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात बसवले. हाड जुळले, हात कामाचा झाला. आजची खुब्याची अस्थिपेढी याच तत्त्वावर चालते. एकाच्या शस्त्रक्रियेत काढावे लागलेले हाड दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडते.

मोठा तुकडा की बारीक तुकडे?

पोकळी मोठी असेल तर तेवढाच मोठा, सलग हाडाचा तुकडा घडवून तिच्यात बसवावा, असे कोणालाही वाटेल. १९७०च्या दशकात तसेच झाले. सुरुवातीची वर्षे निकालही चांगले होते. पण सलग तुकड्याच्या आत खोलवर रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत. कडेचे हाड जिवंत होते, गाभा मृतच राहतो, आणि मृत हाडाला रोजच्या भाराने पडलेल्या सूक्ष्म चिरा भरून काढता येत नाहीत. दात्याचे असे सलग गोळे वापरलेल्या रुग्णांचा हॅरिस यांच्याच गटाने पाठपुरावा केला, तेव्हा सरासरी दहा वर्षांनी जवळजवळ निम्मे कप निकामी ठरलेले आढळले. स्वतःच पुढाकार घेतलेल्या पद्धतीचे अपयश इतक्या स्वच्छपणे मांडणे, ही वैद्यकाची खरी प्रामाणिकता.

दुसरी वाट नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरात शोधली गेली. तिथले टॉम स्लोफ यांनी १९७९ पासून दात्याच्या गोळ्याचे सात ते दहा मिलिमीटरचे तुकडे करून ते वाटीत ठोकून बसवायला सुरुवात केली आणि १९८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. घरात मातीची जमीन करताना मुरूम थराथराने पसरून धुमसाने चोपतात. सुटा मुरूम पायाखाली सरकतो, चोपलेला दगडासारखा बसतो. ठोकलेल्या हाडाचे बळ असेच, तुकडे एकमेकांत रुतून बसण्यातून येते.

पद्धत सांगायला सोपी, करायला कष्टाची आहे. आधी ढिला कप, सिमेंट आणि त्यांच्यामागे साठलेला मऊ पडदा पूर्ण काढून टाकतात. वाटीचा काठ किंवा तळ फुटलेला असेल तर धातूची जाळी स्क्रूने बसवून ती पोकळी बंदिस्त करतात, कारण उघड्या बाजूने तुकडे निसटले तर ठोकण्याचा उपयोगच नाही. उरलेल्या कठीण हाडाला बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे रक्त पाझरते आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. गोळ्यावरची कूर्चा काढून आतल्या सच्छिद्र हाडाचे तुकडे करतात आणि ते धुऊन त्यांतली चरबी काढतात, कारण चरबीने तुकडे एकमेकांवर घसरतात. मग थरावर थर देत अर्धगोल ठोकणीने आणि हातोड्याने ते घट्ट ठोकतात. त्यावर दाबाखाली सिमेंट भरून पॉलिएथिलीनचा कप बसवतात. तुकड्यांचा आकार महत्त्वाचा असतो. फार बारीक भुगा झाला की तो दाबाखाली वाहू लागतो आणि मोठ्या तुकड्यांइतका स्थिर राहत नाही.

ठोकलेल्या तुकड्यांच्या मधल्या जागेतून रक्तवाहिन्या आत शिरतात, म्हणून सलग तुकड्यात जे घडत नाही ते इथे घडते. नायमेखेनच्या गटाने शेळ्यांवर प्रयोग करून हे तपासले. पुढे काही रुग्णांत इतर कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तेव्हा रोपलेल्या भागाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बऱ्याच भागात जिवंत हाड आलेले होते. याच गटाच्या सुरुवातीच्या रुग्णांत २० वर्षांनंतर, कोणत्याही कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया न लागता टिकलेले कप सुमारे ७५ टक्के होते. जंतुसंसर्गासारखी कारणे वगळून केवळ कप ढिला होण्याचा हिशेब केला तर सुमारे ८७ टक्के. हे निकाल पहिल्यांदा बसवलेल्या सांध्यांचे नसून हाड गमावलेल्या, आधीच एकदा अपयश आलेल्या खुब्यांचे आहेत, म्हणून त्यांचे मोल अधिक.

मांडीच्या हाडातली पोकळी अशीच भरण्याचे काम इंग्लंडमधल्या एक्सेटरमध्ये झाले. रॉबिन लिंग, ग्रॅहम गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात, आतून पातळ झालेल्या नळीत तुकडे ठोकून त्यांत गुळगुळीत, खाली निमुळता होत गेलेला स्टेम सिमेंटने बसवायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. असा स्टेम सिमेंटमध्ये किंचित खाली सरकतो आणि भोवतीच्या हाडावर दाब आणतो. वोल्फ यांच्या नियमानुसार त्या दाबाने हाड घडायला मदत होते. अनेक एक्स-रेमध्ये कागदासारखी पातळ झालेली नळी काही वर्षांत पुन्हा जाड झालेली दिसली. धोकेही तेवढेच खरे आहेत. ठोकताना पातळ हाड चिरू शकते आणि ठोकणे कमी पडले तर स्टेम बराच खाली खचतो. म्हणून ही शस्त्रक्रिया सरावलेल्या हातांनीच करावी.

धातू असताना हाड कशाला?

आज पोकळी भरायला इतरही साधने आहेत. टँटॅलम या धातूचे सच्छिद्र कप आणि पाचरी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागल्या. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर घडवलेले टायटॅनियमचे भागही वापरतात. या धातूंच्या छिद्रांत हाड शिरते आणि पकड भक्कम होते. फार मोठ्या भेगा, तुटलेली कंबर किंवा किरणोपचाराने निर्जीव झालेले हाड असेल तर बरेच शल्यविशारद धातूलाच पसंती देतात. वयस्कर रुग्णाला लवकर उठवून चालवायचे असेल तेव्हाही ती निवड योग्य ठरते.

पण धातू पोकळीची जागा व्यापतो, ती नाहीशी करत नाही. उद्या तो काढायची वेळ आली तर पोकळी तेवढीच, किंबहुना मोठी सापडते. रोपलेले हाड रुग्णाचे झाले तर पुढच्या शस्त्रक्रियेला आधीपेक्षा जास्त हाड मिळते. सत्तरीच्या रुग्णाला हा फरक फारसा जाणवणार नाही, चाळिशीच्या रुग्णाला मात्र त्यावर पुढचे आयुष्य काढायचे असते. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे मानवी हाडात मिसळून भर वाढवता येते, पण त्यांत हाडातली चेतवणारी प्रथिने नसतात. म्हणून तरुण रुग्णाच्या खुब्यात भरून काढण्यासारखी पोकळी असेल, तर मानवी हाडाचा विचार आधी व्हायला हवा.

हे हाड येते कुठून?

मुख्यतः दुसऱ्या रुग्णांच्या खुबारोपणातून. मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा सांधा झिजला म्हणून जो गोळा काढतात, तो चांगल्या अवस्थेत असेल आणि रुग्णाची संमती असेल तर अस्थिपेढीत जाऊ शकतो. दात्याचा पूर्वेतिहास पाहतात. एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिस यांच्या रक्तचाचण्या करतात. जिवंत दात्याच्या बाबतीत साधारण सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करून मगच हाड वापरण्याची काटेकोर पद्धत आहे, कारण संसर्ग अगदी ताजा असेल तर पहिल्या चाचणीत तो निसटू शकतो. काही पेढ्या हाड गोठवून ठेवतात, काही ते वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. किरणांची मात्रा वाढली तर हाडाची ताकद घटते, म्हणून तिचा तोल राखावा लागतो.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ मध्ये सुरू झाली. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली हाडे ती रुग्णांना पुरवत आली आहे. भारताच्या अवयवरोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे हाडाच्या दानाला आणि पेढ्यांच्या नोंदणीला कायद्याची चौकट मिळाली. तरीही आपल्याकडे पेढ्या मोजक्याच आहेत. जिथे पेढी नाही तिथे काढलेला गोळा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातो. नेत्रदान महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले, देहदानाचे अर्ज लोक हयातीत भरून ठेवतात. त्या मानाने हाडाचे दान अगदी सोपे आहे. त्यासाठी मरावे लागत नाही, वेगळी शस्त्रक्रिया लागत नाही, दात्याला आणखी एक जखमही होत नाही. जे काढायचेच आहे ते जपून ठेवायला होकार द्यायचा, एवढेच. मोठ्या अस्थिरोग रुग्णालयांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी पेढ्या उभारल्या किंवा जवळच्या पेढीशी जोडून घेतले, तर हा होकार मागणे त्यांना शक्य होईल.

रुग्णाच्या हाती काय?

हाड रोपल्यावर घाई चालत नाही. पायावर किती भार द्यायचा हे शल्यविशारद पोकळी पाहून ठरवतो. कित्येक आठवडे कुबड्या किंवा वॉकर घेऊन अर्धाच भार द्यावा लागतो. दुखत नाही म्हणून आधीच पूर्ण भार टाकला तर रक्तवाहिन्या पोहोचण्यापूर्वीच तुकड्यांची घडी विस्कटू शकते. तंबाखू आणि सिगारेट या काळात कटाक्षाने टाळावी. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरून येणे लांबते. जखमेतून पाणी येणे किंवा ताप येणे याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये, कारण जंतुसंसर्ग झाला तर रोपलेले सगळे हाड काढावे लागू शकते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कृत्रिम खुबा बसवलेल्या प्रत्येकासाठी आहे. काही त्रास नसला तरी ठरलेल्या वेळी एक्स-रे काढून घ्या आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. हाड पोखरले जात असेल तर ते दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर आधी दिसते, दुखते फार उशिरा. लवकर कळले तर कधी नुसते पॉलिएथिलीन बदलून आणि थोडे हाड भरून भागते. उशीर झाला तर तीच शस्त्रक्रिया कितीतरी पटींनी मोठी होते.

आणि शस्त्रक्रियेची तारीख घेताना सांध्याच्या किमतीबरोबर आणखी दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. माझ्या खुब्यात हाड पुरेसे आहे का, नसेल तर तुम्ही ते कशाने भरणार आहात? आणि माझा काढलेला गोळा कुणाच्या उपयोगी पडू शकेल का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी आज ‘तशी सोय नाही’ असे उत्तर मिळेल. पण पुरेसे रुग्ण तो विचारत राहिले, तर रुग्णालयांना ती सोय करावी लागेल.